पराग नसलेलं फूल

"हे झाड वांझ आहे, उपटून टाक," डॉ. खर्चे म्हणाले. मिरचीच्या त्या संशोधन केंद्रात त्यांचा शब्द शेवटचा असे.

त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी अस्मिता गावित जागची हलली नाही. तिने एक फूल काळ्या कागदावर झटकलं. कागद कोराच राहिला. "सर, याला पराग तयार होत नाहीत, एवढंच. स्त्रीकेसर ठणठणीत आहे. दोष जनुकात असेल, तर संकरित बियाण्यासाठी कळीकळीतले परागकोश चिमट्याने काढत बसायला नको."

"जनुकात कसला? अगं, रोग आहे तो."

"मग बघूच, सर."

तिने शेजारच्या झाडाचे पराग त्या फुलांना लावले. मिरच्या धरल्या. त्यांच्या बियांची रोपं फुलली, तेव्हा प्रत्येक फुलात पराग होते.

"बघ, रोगच होता. गेला," सर म्हणाले.

"गेला नाही, सर, दडलाय. नातवंडांत दिसेल." तिचा आवाज ठाम होता, पण पुढच्या हंगामापर्यंत तिला नीट झोप लागली नाही.

रोपांना स्वतःच्याच परागांनी फळं धरली, आणि त्या बियांची झाडं फुलली. सर स्वतः वाकून फूल अन् फूल झटकत पुढे सरकत होते. चार झाडांमागे साधारण एक बिनपरागाचं निघत होतं. जनुकात दडलेला दोष असाच परत येतो. वाफ्याच्या टोकाला सर कंबर धरून उभे राहिले.

"शोधनिबंध लिहायला घे, अस्मिता."

"लिहून झालाय, सर. आजचे आकडे तेवढे भरायचेत."