तळघरातले आवाज

विश्वास बसणार नाही तुमचा, पण माझं म्हातारपण मी सतराव्या वर्षीच ऐकलंय.

युद्ध चालू होतं आणि आमचं शाळेचं शेवटचं वर्ष. भोंगा वाजला की वर्ग तळघरात उतरायचा. अंधारात भीती वाटू नये म्हणून एकेकाने आपण पुढे कोण होणार ते सांगायचं.

त्या दुपारी लंबू म्हणाला, "मी इंजिन चालवणार," आणि आवाज निघाला थकल्या म्हाताऱ्याचा. पाठोपाठ इतरांचेही तसेच. दोघांचे तेवढे कोवळे राहिले. ते दोघं पुढे आघाडीवरून परतले नाहीत.

"माझा आवाज सगळ्यांत खरखरीत," मी नातवंडांना ऐटीत सांगितलं.

त्याच वर्गातली माझी बायको बाही शिवता शिवता थांबली.

"अहो, पोरांना थापा मारू नका," ती म्हणाली. "कोवळे आवाज तीन होते. तिसरा तुमचा."