दोन्ही पाय हवेत

दिगूमामाने पान्याने सायकलची दोन्ही पॅडलं काढली, तेव्हा सहा वर्षांची सावनी बघतच राहिली. "आता ही चालणार कशी?"

"चालवायची नाहीच मुळी. सीटवर बस आणि पायांनी जमिनीवर चाल. सायकल येईल तुझ्याबरोबर."

दिवाळीत सायकलवरून पडून तिचा हात मोडला होता. प्लास्टर निघून महिना झाला, तरी ती सायकलच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. पण नुसतं चालायचं, तर त्यात पडायचं कसं? शाळेआधी मामा तिला गावामागच्या सड्यावर, तिथल्या मोकळ्या पठारावर नेऊ लागला. ती बदकासारखी पावलं टाकायची आणि मामा दगडावर बसून बघायचा.

पाचव्या सकाळी सड्यावर दाट धुकं होतं. जमीन हलकेच उताराला लागली, तशी सावनीची पावलं लांब लांब पडू लागली. वारा गालांवरून जात होता, वाळकं गवत दोन्ही बाजूंनी मागे सरत होतं, आणि कसलाच आवाज येत नव्हता. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असं तिला वाटलं. तिने खाली पाहिलं. दोन्ही पाय हवेत होते.

सपाटीवर सायकल आपोआप थांबली. तिने मागे वळून पाहिलं, तर धुक्यात मामा दिसेना.

"सावनी! कुठे आहेस गं? थांब, मी येतो!" वरून त्याची घाबरी हाक आली.

"तू नको येऊस, मामा!" ती ओरडली. "मीच येते वर. मला पुन्हा तिथून सुटायचंय."