रेवतीची नववी बाटली

दामूअण्णा आचारी अंगाला कधीच अत्तर लावत नसत. फोडणी करपण्याआधी नाकाला कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. त्यांची लेक रेवती अत्तरं बनवायला शिकली, तेव्हा तिच्या आठ बाटल्या त्यांनी हुंगून परत केल्या.

नवव्या बाटलीत तिने वाळा आणि किंचित लिंबाची साल एवढंच ठेवलं. ते मनगटाला लावून अण्णांनी लग्नातल्या तीनशे पानांचा स्वयंपाक केला. पंगती उठल्यावर तिने भीतभीत विचारलं, "फोडणीच्या आड आलं का?"

"नाही. उलट दमलो, तेव्हा दोनदा मनगट नाकाशी नेलं."

तेवढ्यात यजमान जवळ आले. "अण्णा, मंद वास येतोय. कोणतं अत्तर?"

स्वयंपाकाच्या कौतुकाला नुसती मान डोलावणारे अण्णा ताठ उभे राहिले.

"दुकानात नाही मिळायचं. आमच्या रेवतीच्या हातचं आहे."