लुबनाचा मोकळा मॉनिटर

औरंगपुऱ्यातल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात लुबना तिकिटं काढते. तिला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर तिच्या कानात वाचून दाखवतो. पण महिनाभर तो अडखळत होता. हिनं कळ दाबायची, त्यानं सवडीनं बोलायचं, तोवर फोनवरचं गिऱ्हाईक दुसरीकडं पळालेलं.

"तुझा हात लई मंद झालाय," ऑफिसचे मालक विश्वजीतशेठ सगळ्यांदेखत म्हणाले. "असंच चाललं तर तुझ्या जागी दुसरं कुणी बघावं लागंल."

लुबनानं त्याच दुपारी मशीन तपासलं. ऑफिसातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र शेठनी तिच्याच कॉम्प्युटरवर लावून ठेवलं होतं. मशीनचा सगळा जीव त्यातच जात होता.

"मग काय झालं? तुला कुठं बघायचंय? मॉनिटर मोकळाच असतो की तुझा!" शेठ हसले. तिच्या मागं उभं राहून कोण कामचुकारपणा करतंय ते न्याहाळण्यात त्यांचा दिवस मजेत जायचा.

लुबना मशीनकडं वळली. टास्क मॅनेजर उघडून तिनं मशीनच्या कामांच्या रांगेत स्क्रीन रीडरला सगळ्यांच्या पुढं बसवलं आणि कॅमेऱ्यांना पार मागं ढकललं. कानातला आवाज खणखणीत झाला, तशी बोटंही धावायला लागली.

संध्याकाळी शेठ तिच्या मागं येऊन ओरडले, "अगं, चित्रं अडकली सगळी! मला काहीच दिसंना! न बघता ऑफिस चालवायचं तरी कसं माणसानं?"

लुबनानं हातातलं तिकीट पुरं केलं आणि शेजारची खुर्ची ओढली.



"बसा, शेठ. शिकवते."