लाटांचं चित्र

कोकिळानं मागच्या खोलीत स्वतःच्या हातानं सूक्ष्मदर्शक बनवला होता. पाण्यात गंजणाऱ्या तांब्याच्या पत्र्यावरून त्याची सुई न टेकता फिरली की पडद्यावर अणू दिसायला हवे होते, पण दिसायच्या नुसत्या लाटा. पुढच्या खोलीतल्या बाबांच्या पॉवरलूमनं सगळं घर थरथरायचं. सूक्ष्मदर्शक रबरानं झोळीसारखा टांगूनही लाटा जाईनात. "हे इंदूरच्या लॅबमध्येच न्यावं लागेल," ती आईला म्हणाली. तेवढ्यात लूम थांबला. बुऱ्हाणपुरात लूम थांबला म्हणजे लाइट गेली. पण बल्ब तर पेटलेला होता. "मीनंच बंद केला," बाबा दारातून म्हणाले. "पाह्य तू आता." पडद्यावर अणू ओळीनं उभे राहिले. तिनं दोन्ही चित्रं छापली आणि स्वच्छ चित्र बाबांपुढं धरलं. त्यांनी लाटांचं उचललं आणि लूमशेजारी भिंतीला चिकटवलं. "ते चांगलं तू इंदूरला ने, बेटा. याच्यात मी हाय."