सातवा पट्टा

सहा पट्टे गुमान फिरायला लागले. सातवा ढिम्म हलेना.

सातवा तिचा होता. टेबलावर वीतभर रबरी पट्टा, शेजारी एक हिरवं बटण, एक लाल बटण आणि डब्याएवढा पीएलसी. मशीनने कधी चालायचं, कधी थांबायचं हे ठरवणारा कारखान्यातला छोटा संगणक. सहा आठवडे तिची त्याच्याशी झटापट चालली होती. संध्याकाळी ओट्यापाशी नवरा वही धरून प्रश्न विचारायचा, आणि तिचं उत्तर बरोबर की चूक हे त्याला बापड्याला कळायचं नाही.

आज परीक्षा होती. पॅकिंगची जुनी मशीनं मोडीत निघाली होती. पास होईल तो नव्या मशीनवर, नापास होईल तो गोदामात खोकी उचलायला. शेहेचाळीसाव्या वर्षी तिच्या कमरेला गोदाम झेपणारं नव्हतं.

तिने हिरवं बटण पुन्हा दाबलं. काही नाही. जेवणाच्या सुट्टीआधी हाच पट्टा सुतासारखा सरळ चालत होता.

"वहिनी, रुसला वाटतं तुमचा," शेजारच्या टेबलावरून दीर म्हणाला. तोही याच वर्गात होता. त्याचा पट्टा असा पळत होता, जणू त्याची गाडी चुकणार होती.

ती पीएलसीवरचे बारके दिवे बघत होती. एरवी सतत पेटलेला असणारा लाल बटणाचा दिवा विझलेला होता.

"भाऊजी, बटणाची वायर सुटलीय. पण जेवणानंतर वायरिंगला हात लावायचा नाही, असं सर म्हणालेत."

"मग वायरिंग राहू द्या. प्रोग्राममधली लाल बटणाची ओळच उडवा. पट्टा धावेल. सर काय, पट्टा फिरतोय का तेवढंच बघणार."

त्याचं खोटं नव्हतं. एक कळ दाबायची, ओळ गायब. तिचं बोट कळीवर गेलंसुद्धा. चार मिनिटं उरली होती, आणि गोदामातली खोकी आत्ताच कमरेत भरायला लागली होती.

"मग ते बटण काय शोभेला लावलंय?" ती म्हणाली आणि तिने हात मागे घेतला.

वहीतला एक कागद फाडून तिने लिहिलं : लाल बटणाची वायर सुटली आहे. तपासल्याशिवाय पट्टा चालू करू नये. खाली सही केली आणि कागद सरांच्या हातात दिला. सर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. त्यांनी कागद वाचला, घडी घालून ठेवला. झालं, ती मनात म्हणाली. लागा आता खोकी उचलायला.

"वेळ संपली," सर म्हणाले. "ज्यांचे पट्टे फिरताहेत, त्यांनी लाल बटण दाबा."

दिराने दाबलं. पट्टा फिरतच राहिला. त्याने अंगठा रोवून दाबलं, मग दोन्ही अंगठ्यांनी. पट्टा आपला पळतोय. सहाही टेबलांवर तीच तऱ्हा. शेवटी सरांनी भिंतीवरचा मेन स्विच पाडला आणि खिशातून वायरचे सात तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"सुट्टीत मीच काढले. सगळ्यांच्या लाल बटणांचे. तुम्ही सहा जणांनी बटण असं जोडलंत की दाबलं तरच 'थांब' असा निरोप जातो. वायर तुटली की निरोप जायचा बंद, आणि मशीनला वाटतं, सगळं छान चाललंय. ह्या ताईंच्या जोडणीत 'सगळं ठीक' असा निरोप सारखा येत राहतो. तो थांबला की मशीन जागचं हलत नाही. पास त्या एकट्याच. बाकीच्यांची परीक्षा पुढच्या सोमवारी."

दिराने दोन्ही अंगठे हळूच खिशात घातले.

सर तिच्याकडे वळले. "पण ताई, दोन्हीतलं कुठलं बरं, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं?"

सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ती जरा लाजली.

"त्यात काय, सर? घरात पोरांचा दंगा ऐकू येतोय तोवर मी निवांत असते. गप्प झाली की हातातलं टाकून उठते."