सालीसकट भोपळा

हृदयविकाराचा झटका आल्यापासून यांच्या ताटातलं मीठ कमी झालं आणि तेवढंच जिभेचं तिखट वाढलं. त्यात पानगळ लागली. डॉक्टर म्हणाले, हंगामातलं ताजं खा. म्हणून मी मेली बाजारातून लाल भोपळा, रताळी, बीट उचलून आणते, उकडते, भाजते. आणि हे रोज पहिल्याच घासाला नाक मुरडतात.

“हे जेवण आहे की गुरांचा चारा?”

“झटक्यातून वाचलो तो काय भोपळा खायला?”

काल तर म्हणाले, “यापेक्षा दवाखान्यातलं जेवण बरं होतं!”

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, “मग जा तिथेच राहायला!”

आज मुद्दाम पुन्हा भोपळाच केला, तोही सालीसकट. ताट आदळलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले. म्हटलं, बोला आता काय बोलायचं ते.

यांनी एक घास घेतला. सावकाश गिळला.

“छान झालंय,” म्हणाले.

मी कमरेवरचे हात काढले आणि यांच्या शेजारी बसले.

“कधीपासून दुखतंय छातीत?”

“सकाळपासून.”